खेळासाठी एक डॉलरही न देणारं कॉलेज

मुलगी कॉलेजच्या संघातून धावते असं सांगितलं की इथे अमेरिकेतल्या मराठी घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग स्कॉलरशिप किती मिळाली?" धावण्याची म्हणाल तर काहीच नाही, असं उत्तर दिलं की समोरच्याला आमच्यासाठी वाईट वाटतं. नागपूरला माझ्या आईला हे फोनवर पटवून देता देता तर माझी पुरेवाट झाली. आईचंही चूक नाही. आपल्याकडे राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलाला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. खेळलं तर काहीतरी पदरात पडलं पाहिजे, हा हिशेब आमच्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेला आहे. कॉलेज शोधण्याच्या सगळ्या खटपटीतून आणि त्यानंतरच्या पहिल्या हंगामातून गेल्यावर माझं मत मात्र पार बदललं. खेळाचे पैसे न मिळणं हीच सेंट बेनेडिक्ट या तिच्या लहानशा कॅथलिक कॉलेजची मला सगळ्यात भक्कम बाजू वाटते. ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत शाळेच्या संघात आहेत त्या आईवडिलांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही मिनेसोटात राहतो, मिनिआपोलिसच्या उपनगरात. लेक शाळेच्या क्रॉस-कंट्री संघात होती. हा खेळ आपल्याकडे फारसा माहीत नाही म्हणून थोडं सांगते. शर्यत ट्रॅकवर नसते, गवतावर, चढउतारांवर, कधी चिखलात असते. शाळेच्या मुलींना ५ किलोमीटर, कॉलेजच्या मुलींना ६. धावायचं एकेकीने, पण जिंकायचं संघाने: प्रत्येक संघाच्या पहिल्या पाच मुलींचे क्रमांक मोजायचे आणि बेरीज करायची, ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी ते पहिले. त्यामुळे संघातली पाचवी मुलगी किती मागे राहते यावर सगळं ठरतं. पहिली मुलगी चमकते, पण बेरीज पाचवीच्या हातात असते. आमची लेक ही अशी पाचवी-सहावी मुलगी. राज्य स्पर्धेच्या मंचावर चढणारी नव्हे. थंडीत, पावसात, कुणी बघत नसताना सराव न चुकवणारी. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत तिच्या वेळेला जागा नव्हती, हे तिला आमच्याआधी माहीत होतं.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था पाहते आणि तिचे तीन विभाग आहेत. टीव्हीवर दिसतात ती बहुतेक पहिल्या विभागातली विद्यापीठं. तिथे खेळाडूंना स्कॉलरशिप मिळते, आणि २०२५ साली कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. एका विद्यापीठाला वर्षाला २ कोटी डॉलरच्या थोडं वर एवढी मुभा आहे. दुसरा विभाग मधला. तिसऱ्यात, ज्याला सगळे डिव्हिजन थ्री म्हणतात, चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, त्यांतली पुष्कळशी लहान आणि खाजगी, आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायला सरळ मनाई आहे. याखेरीज एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे. तीही मुख्यतः लहान कॉलेजांची, पण तिथे खेळाची स्कॉलरशिप चालते. लहान कॅथलिक कॉलेजं दोन्हीकडे आहेत. मोंटानातलं कॅरल कॉलेज किंवा कॅन्ससमधलं बेनेडिक्टाइन कॉलेज एनएआयएत खेळतं. आमच्या मिनेसोटातली सेंट बेनेडिक्ट, सेंट जॉन्स, सेंट मेरीज, सेंट कॅथरिन आणि सेंट स्कोलास्टिका ही सगळी डिव्हिजन थ्रीत, एमआयएसी या १९२० सालच्या एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसांत स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांच्या गटात. या कॉन्फरन्समध्ये सेंट थॉमस हेही कॅथलिक विद्यापीठ होतं. ते आकाराने आणि ताकदीने इतकं वाढलं की २०१९ साली त्याला बाहेर पडायला लावण्यात आलं, आणि २०२१ पासून ते थेट पहिल्या विभागात खेळतं. लहान कॉलेजांना आपला लहानपणा किती जपावासा वाटतो, हे मला या घटनेवरून पहिल्यांदा समजलं.

अकरावीच्या वर्षी लेकीने कॉलेजांना लिहायला सुरुवात केली. प्रत्येक कॉलेजच्या खेळाच्या वेबसाइटवर एक प्रश्नावली असते: शाळा, गुण, शर्यतींच्या वेळा, कुठला विषय घ्यायचा आहे. ती भरायची आणि सोबत कोचना स्वतःच्या शब्दांत ईमेल करायचं. "स्वतःच्या शब्दांत" यावर मी जोर देते, कारण कोच लोकांना आईवडिलांनी लिहिलेलं पत्र चटकन ओळखू येतं. याच सुमारास एका खाजगी कंपनीचा फोन आला. मुलीचं प्रोफाइल बनवू, शेकडो कोचना पाठवू, हप्त्याने पैसे भरा. रक्कम ऐकून नवऱ्याने नम्रपणे नकार दिला. धावण्याच्या खेळात तर याची काहीच गरज नाही. शर्यतींच्या वेळा सगळ्यांना उघड दिसतात, कोच ईमेल वाचतात, आणि डिव्हिजन थ्रीत त्यांनी मुलांना फोन करण्यावर फारशी बंधनंही नाहीत. लेकीला पुष्कळ ठिकाणांहून उत्तरं आली, काही आपुलकीची, काही साच्यातली. ती दोन्ही वेगळी ओळखायला ती लवकरच शिकली.

सेंट बेनेडिक्टच्या कोचचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि ती जेवणाच्या टेबलाशी. आठवड्याला किती मैल धावतेस, झोप किती होते, शर्यत वाईट गेली की दुसऱ्या दिवशी काय करतेस, असे प्रश्न. वेळ कितीची, हे विचारलंच नाही, ते त्यांना माहीत होतं. तिचं बोलणं मराठी आईच्या अपेक्षेपेक्षा खूपच मोकळं चाललं होतं. मी मध्ये बोलले नाही.

मिनिआपोलिसहून आय-९४ महामार्गाने वायव्येला दीड तासाच्या आत सेंट जोसेफ हे छोटं गाव लागतं. तिथे बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथाच्या सिस्टर्सनी १९१३ साली मुलींसाठी कॉलेज काढलं, ते सेंट बेनेडिक्ट. तिथून पाच-सहा किलोमीटरवर कॉलेजव्हिल, तिथे याच पंथाच्या साधूंनी १८५७ साली सुरू केलेलं मुलांचं सेंट जॉन्स. वर्ग दोघांचे एकत्र भरतात, मुलंमुली दिवसभर बसने इकडून तिकडे ये-जा करतात, २०२२ पासून अध्यक्षही दोन्हींचा एकच आहे. संघ मात्र वेगळे. मुलींचे बेनीज, मुलांचे जॉनीज.

कॉलेजव्हिलचा परिसर पाहून मी थक्क झाले. जंगल, तळी, पायवाटा. सागाटागन नावाच्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर स्टेला मारिस नावाचं चिमुकलं चॅपल आहे आणि तिथवर झाडीतून वाट जाते. मुलं रोजच्या सरावाला याच वाटांनी धावतात. मठाचं चर्च वास्तुविशारद मार्सेल ब्रॉयर यांनी बांधलेलं, १९६१ साली पूर्ण झालेलं. समोर शंभर फुटांहून उंच काँक्रीटचा पडदा उभा आणि त्यात घंटा टांगलेल्या. माझ्या मनात कॅथलिक चर्च म्हणजे नागपूरच्या माझ्या शाळेशेजारचं लाल विटांचं. हे पाहून मी बराच वेळ नुसती उभी होते.

आणि फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. मला या खेळातलं काही कळत नाही, पण कॉलेजव्हिलला जाऊन जॉन गॅग्लियार्डींचं नाव ऐकल्याशिवाय कुणी परत येत नाही. दुसऱ्या महायुद्धात शाळेच्या कोचना सैन्यात जावं लागलं, तेव्हा सोळा वर्षांच्या गॅग्लियार्डींनी स्वतःच्याच संघाला शिकवायला घेतलं. पुढे कॅरल कॉलेज, आणि १९५३ पासून २०१२ पर्यंत सेंट जॉन्स. ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुठल्याही कोचच्या नावावर नाहीत. चार राष्ट्रीय विजेतेपदं, शेवटचं २००३ चं, ज्यात त्यांनी सलग ५५ सामने जिंकत आलेल्या माउंट युनियनला हरवलं. पण आकड्यांपेक्षा मला त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. सरावात एकमेकांना पाडायचं नाही. शिट्टी नाही. मला कोच म्हणू नका, जॉन म्हणा. संघात यायचं म्हणणाऱ्या कुणालाही काढून टाकायचं नाही. जिथे मुलाच्या पायात स्कॉलरशिपची बेडी नाही तिथे कोचला दरडावून चालत नाही, मुलाला उद्याही यावंसं वाटेल असंच वागावं लागतं. एवढ्याशा कॉलेजात शनिवारी मैदानाभोवतीच्या उतारावर गावंच्या गावं येऊन बसतात, ती नुसत्या विजयांसाठी नाही, असं तिथल्या एका वयस्कर प्रेक्षकाने मला सांगितलं. त्याचा मुलगा संघात होता, कधी मैदानात उतरला नव्हता, आणि तरी चारही वर्षं होता.

लेक एक रात्र संघातल्या मुलींबरोबर हॉस्टेलवर राहिली. मला वाटलं होतं, सकाळी तिला पळवून बघतील. तसं करता येत नाही. डिव्हिजन थ्रीत भेटीला आलेल्या शाळकरी मुलीची चाचणी घ्यायला बंदी आहे. कोचने आखलेला, कोचच्या नजरेखालचा सराव तिला करता येत नाही. ती आपली मुलींबरोबर तळ्याकाठी मनाने फिरून आली. परतीच्या वाटेवर गाडीत तिने जे सांगितलं त्यात धावण्याचं कमी आणि मुलींचं जास्त होतं: कोण रात्री अकरापर्यंत रसायनशास्त्र करत बसली, कुणाचं कोचशी वाजलं आणि मग मिटलं, जेवणात शाकाहारी काय असतं. माझा सल्ला, मुक्कामाच्या भेटीशिवाय होकार देऊ नका. अॅडमिशन ऑफिसची फेरी सगळीकडे छानच असते.

मी कोचना भेटले तेव्हा माझे प्रश्न वेगळे होते. लांब अंतर धावणाऱ्या मुलींच्या खेळात वजनावरून फार नुकसान झालेलं आहे. कमी खाऊन हलकं व्हायचं, मग पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, पायाला बारीक फ्रॅक्चर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या सगळ्याला आरईडी-एस असं नाव दिलं, म्हणजे मेहनतीच्या मानाने पोटात पुरेसं न गेल्याने शरीराचं होणारं खच्चीकरण. मी स्पष्ट विचारलं, मुलींचं वजन करता का? नाही, असं उत्तर आलं. पाळी चुकली तर मुलगी कुणाला सांगते? अॅथलेटिक ट्रेनरना. हा शब्द फसवा आहे. ट्रेनर म्हणजे व्यायाम घेणारा नव्हे. दुखापत आणि प्रकृती पाहणारी ती वैद्यकीय बाजूची व्यक्ती, आणि खेळाडू खेळायला तंदुरुस्त आहे की नाही हे ठरवताना कोचला तिच्यावर दबाव आणता येत नाही. मग मी विचारलं, प्रयोगशाळेचा वर्ग दुपारी सरावाच्या वेळी आला तर? लेकीला जीवशास्त्र घ्यायचं होतं म्हणून. कोच म्हणाल्या, प्रयोगशाळा आधी, ती नंतर आपली एकटी किंवा उशिरा सुटलेल्या मुलींबरोबर धावेल. पहिल्याच सत्रात तसं झालंही, आणि त्यावरून कुणी काही बोललं नाही.

आईची नागपुरातून चिंता वेगळीच. "मिशनऱ्यांचं कॉलेज ना गं? पोरीला चर्चात नेतील." मी तिला माझ्याच शाळेची आठवण दिली. मला कॉन्व्हेंटमध्ये घालताना तिने आणि बाबांनी घेतलेला निर्णयच आम्ही घेत होतो. इथे ईश्वरशास्त्राचा अभ्यास पदवीच्या अटींत आहे, तो लेकीला करावा लागतो आणि तिला तो आवडतो. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायची सक्ती नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत लिहिलं आहे की दारी आलेल्या पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आला असं समजून करावं, आणि इथली माणसं ते वाक्य वारंवार सांगतात. शर्यतीआधी मुली गोल करून उभ्या राहतात, एखादी प्रार्थना म्हणते, लेक हात धरून उभी असते. दुसऱ्या वर्षीच्या एका मुलीने तिला विचारलं, तुमच्याकडे काही म्हणतात का? हिने गणपतीचा श्लोक म्हटला. आईला हे सांगितल्यापासून तिचा विरोध मावळला.

आता पैशाचं. कॉलेजचा छापील खर्च, राहणं-जेवण धरून, वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर जातो. हा आकडा पाहून कितीतरी मराठी घरं पुढे चौकशीच करत नाहीत. तसं करू नका. खाजगी कॉलेजांत छापील खर्च फार थोडी घरं भरतात. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्न आणि गुण भरले की आपल्याला अंदाजे किती पडेल ते दिसतं. आम्ही कोचना विचारून गुणपत्रक आधीच अॅडमिशन ऑफिसकडे दिलं, त्याला प्री-रीड म्हणतात, आणि अर्ज करण्यापूर्वीच गुणांवर साधारण किती मदत मिळेल ते कळलं. पुढे फाफ्सा, केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज.

कोच मात्र पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "पैशाबद्दल मला विचारू नका, माझ्या हातात काही नाही." सुरुवातीला ते कोरडं वाटलं. नियमच तसा आहे: मदत ठरवताना मूल खेळतं की नाही हे पाहायचं नाही, आणि खेळाडूंना आणि इतरांना किती मदत दिली याचा तपशील कॉलेजला दर वर्षी एनसीएएकडे पाठवावा लागतो, म्हणजे मागच्या दाराने कुणी काही देऊ नये. त्याच महिन्यात शेजारच्या राज्यातल्या एका लहान कॉलेजने, एनएआयएतल्या, लेकीला धावण्यासाठी वर्षाला काही हजार डॉलर देऊ केले. घरात आनंद झाला. नवऱ्याने फोनवर विचारलं, पायाला दुखापत होऊन ती वर्षभर धावली नाही तर? तिने अभ्यासासाठी संघ सोडला तर? पलीकडून उत्तर असं आलं की दर वर्षी पुन्हा बघितलं जातं. म्हणजे ते पैसे तिच्या पायांना लावलेले होते. दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी ठेवली तेव्हा सेंट बेनेडिक्टचं निव्वळ गुणांवर मिळणारं सहाय्य त्या कॉलेजच्या गुण आणि खेळ मिळून होणाऱ्या रकमेच्या आसपासच होतं. फरक हा की इथे ती रविवारी उठून म्हणाली, मला आता धावायचं नाही, तर सोमवारी तिचं कॉलेज तसंच राहणार होतं. सगळ्यांचा हिशेब असाच निघेल असं नाही. ज्या घराला त्या काही हजारांनी प्रवेश शक्य होतो त्यांनी ते जरूर घ्यावेत, पण नूतनीकरणाच्या अटी लेखी मागून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लहान कॉलेजांना खेळाडू हवे असतात ते जागा भरण्यासाठीही. कित्येक ठिकाणी दर तीन-चार विद्यार्थ्यांमागे एक कुठल्या तरी संघात असतो. संघ नसता तर तो त्या कॉलेजात आलाच नसता. यात वाईट काही नाही, पण कॉलेज स्वतः किती भक्कम आहे ते पाहणं आपलं काम आहे. गेल्या काही वर्षांत लहान कॅथलिक कॉलेजं एकामागून एक बंद झाली: मिलवॉकीचं कार्डिनल स्ट्रिच २०२३ मध्ये, पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी आणि ओहायोतलं नोट्र डेम कॉलेज २०२४ मध्ये, सेंट लुइसचं फाँटबोन २०२५ मध्ये. तिथल्या खेळाडूंना शिक्षणाच्या मध्यावर नवं कॉलेज आणि नवा संघ शोधावा लागला. आम्ही विद्यार्थिसंख्या, देणग्यांचा निधी, गेल्या काही वर्षांत बंद केलेले विषय, सगळं विचारलं. कुणी नाक मुरडलं नाही.

बारावीच्या वर्षात शाळेच्या जिममध्ये कॉलेजात खेळायला जाणाऱ्या मुलांच्या सह्यांचा कार्यक्रम झाला. टेबलं मांडलेली, प्रत्येकासमोर आपापल्या कॉलेजची टोपी, आईवडील फोन घेऊन उभे. पहिल्या विभागात जाणाऱ्या मुलांच्या कागदाला करार म्हणून अर्थ होता. लेकीच्या कागदाला काहीच नाही. डिव्हिजन थ्रीत फक्त समारंभापुरता एक फॉर्म असतो, तो कुणालाच बांधून ठेवत नाही. तिने तो त्या मुलांच्याच रांगेत बसून, तितक्याच आनंदाने भरला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आईने विचारलं, कशासाठी मग? मी म्हटलं, तिला धावायचं आहे म्हणून. याहून खरं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

उन्हाळ्यात वैद्यकीय फॉर्म आले आणि त्यातल्या एका रकान्याने मला थेट विदर्भात नेलं. सिकलसेल ट्रेट आहे का? म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं एकच जनुक अंगात आहे का. नागपुरात वाढलेल्या माणसाला हा शब्द सांगावा लागत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडचे रुग्ण घेऊन येणारी कुटुंबं मी लहानपणापासून पाहिली आहेत. इथे मात्र तो रकाना एका मृत्यूनंतर आला. २००६ साली टेक्सासच्या राइस विद्यापीठातला एक कोवळा फुटबॉलपटू सरावात कोसळला आणि दगावला. त्याला हा ट्रेट होता आणि कुणालाच ते माहीत नव्हतं. त्यानंतर पहिल्या विभागात चाचणीचा नियम आला आणि काही वर्षांनी डिव्हिजन थ्रीतही. मूळ नियमात चाचणीचा निकाल द्यायचा, किंवा माहिती समजून घेऊन नकाराच्या कागदावर सही करायची, असे पर्याय होते. पुष्कळ आईवडील सही करून मोकळे होत, कारण ट्रेट असलेली व्यक्ती एरवी अगदी निरोगी असते. पण उन्हात, पाणी कमी पडल्यावर, शरीर हद्दीपर्यंत ताणलं की धोका संभवतो, आणि ते आधी माहीत असेल तर सराव बेताने आखून तो टाळता येतो. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत हे पाहिलेलं असतं, डॉक्टरांकडून तो निकाल मिळतो. लेकीचा तसाच मिळाला, ट्रेट नव्हता. महाराष्ट्रातून, विशेषतः विदर्भातून किंवा नंदुरबारकडून शिकायला आलेल्या मुलांनी मात्र साधी रक्तचाचणी करून घ्यावी; नकाराचा पर्याय असला तरी त्यावर सही करू नये, हे मी कळकळीने सांगते. शाकाहारी मुलींसाठी आणखी एक: हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. डॉक्टरांना फेरिटिन वेगळं तपासायला सांगा. लेकीचं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि सप्टेंबरपर्यंत तिचा थकवा पुष्कळ उतरला.

ऑगस्टमध्ये इतर विद्यार्थी येण्याआधी संघ हजर झाला. पहिला हंगाम अवघड गेला. शाळेतली पाचवी मुलगी इथे बरीच मागे होती, ६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा तिला नवा होता. पण हंगामातल्या नेहमीच्या प्रत्येक शर्यतीला तिला धावायला मिळालं, आणि कोचनी पाठवलेल्या तक्त्यात तिची सुधारणा तिच्या स्वतःच्या मागच्या वेळेशी मोजलेली असायची. हंगामाच्या शेवटी प्रादेशिक स्पर्धेला एका कॉलेजच्या सातच मुली धावू शकतात. ती त्या सातांत नव्हती. तरी मैदानाच्या सगळ्यांत वाईट चढावर, जिथे प्रेक्षक नसतात, तिथे उरलेल्या मुली थोड्या थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या आणि आपल्या प्रत्येक मुलीला पुढच्या संघाची पाचवी किती पुढे आहे ते ओरडून सांगत होत्या. त्या चढावर मीही होते. कॉन्फरन्सची शर्यत आणि दिवाळी साधारण एकाच सुमाराला येते, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला लेक घरी नव्हती. फराळाचे डबे आम्ही मैदानावर नेले, आणि चकली शर्यतीनंतर खायला उत्तम, मिठाची भरपाई होते, असं ट्रेनरबाईंनीच जाहीर केलं. आता तो डबा ठरून गेला आहे.

यंदा तिला एका सत्रासाठी परदेशी शिकायला जायचं आहे. या दोन कॉलेजांत तसं पुष्कळजण करतात. ती गेली की वसंतातला ट्रॅकचा हंगाम बुडणार. तिने कोचना सांगितलं. त्यांनी विचारलं, जाते आहेस तिथे धावायला चांगली वाट आहे का, आणि तिकडे एकटीने करायच्या सरावाचं वेळापत्रक तिला बनवून दिलं. त्यानंतर पुढच्या वर्षाच्या आर्थिक मदतीचं पत्र आलं. नवऱ्याने ते मागच्या वर्षीच्या पत्राशेजारी ठेवून ओळीने तपासलं. रकमेत काही फरक नव्हता.